आधी पाराची जागा विचारा

महोदय,

युद्धात पडलेली गावे नव्याने वसवण्याच्या बातम्या आपल्या अंकात वाचतो. सोबत एकसारख्या पांढऱ्या घरांच्या रांगांची चित्रेही असतात. मी गवंडी. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सोलापुरातून जी माणसे तिकडे बांधकामावर गेली, त्यांत मी होतो. म्हणून हे पत्र.

पडझड बघून जो तो म्हणू लागला, दगड-माती नकोच. दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे दोन्ही पदर सांधणारा आरपार दगड घातलेला नव्हता आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. कारागिराला हे सुधारता येते. पण आम्ही सिमेंटच्या खोल्या बांधल्या, रांगेने. एक आजी नव्या घरात सगळीकडे फिरली आणि मला म्हणाली, "बाबा, दिवा कुठं ठिवू?" भिंतीत देवळी नव्हती, कारण नकाशातच नव्हती. मी छन्नी घेऊन तिला एक कोनाडा पाडून दिला. त्या दिवसाची मजुरी कापली गेली, ते जाऊ द्या.

त्याच साली, बरोबर चाळीस दिवसांनी, बोस्नियातल्या मोस्तारचा 1566 सालचा दगडी पूल तोफा डागून पाडला. 2004 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. दगड तिथलाच, रीतही जुनीच: चिऱ्यांना लोखंडी आकडे आणि वर ओतलेले शिसे. वाचताना माझे हात शिवशिवले. पण त्या पुलाची मापे आधी घेतलेली होती, म्हणून हे जमले. खेड्याची मापे कोण घेऊन ठेवतो?

तेव्हा ढिगारा उचलायच्या आधी, नकाशासाठी कागद घ्यायच्याही आधी, गावातल्या म्हाताऱ्या बायका आणि जुने गवंडी यांना घेऊन तिथून एक फेरी मारावी. पार कुठे होता, पाण्याला बायका कुठल्या बोळातून जायच्या, कुणाच्या पडवीत भजन बसायचे, सगळे लिहून घ्यावे. दळायची जाती आणि दारांच्या चौकटी बाजूला काढाव्यात. आमच्या वेळी नक्षीच्या सागवानी चौकटी भंगाराच्या भावाने गेल्या. पुढे त्यातल्यासारखीच एक मी पुण्यात एका हॉटेलच्या दाराला पाहिली. प्रत्येक चौकटीवर घराचा आकडा घालावा, आणि तो डांबराने. खडू पहिल्या पावसात जातो.

एक निवृत्त गवंडी,
बाळे, सोलापूर