पिल्लाच्या चोचीतला मासा

महोदय,

वेंगुर्ल्याच्या बाजारात मी तीस वर्षं मासे विकते. पावसाळ्यानंतरची तारली तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते. अंडी घालून रिती झालेली तारली मात्र कोरडी लागते. मासा तोच, लांबीही तीच, पण अंगात ताकद नाही.

एडिनबर्गला असलेल्या पुतणीने स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे या बेटाची गोष्ट सांगितली, तेव्हा मला हेच आठवलं. तिथला गिलेमॉट पक्षी पिल्लासाठी एका खेपेला एकच मासा आणतो, चोचीत उभा धरून. २००४ साली स्प्रॅट, म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातले मासे, घरट्यात येत होते. पण त्यांत चरबीच फार कमी होती. त्या वर्षी पुष्कळ पक्ष्यांना पिल्लं जगवणं जमलं नाही. आईबाप खेपा घालत होते हो! पुढे पफिन या दुसऱ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं काटेरी, नळीसारख्या माशाने घुसमटल्याचंही दिसलं.

सँडईल हा बारीक मासा तिथल्या पक्ष्यांचा मुख्य घास. तो फिशमीलसाठी, म्हणजे जनावरांच्या खाद्यात घालायच्या माशांच्या भुकटीसाठी, उपसला जायचा. २०२४ मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्राच्या आपल्या हद्दीत ती मासेमारी बंद केली.

आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, सुरय पक्षी घरटी करतात. ते पिल्लांना कोणता मासा, कोणत्या महिन्यात भरवतात, आणि त्यात तेल किती, याची नोंद वनखात्याने मत्स्य महाविद्यालयाला सोबत घेऊन दरवर्षी ठेवावी. बारीक मासळी किती टन आली एवढंच मोजू नका.

— एक मासेविक्रेती, वेंगुर्ले