तन्मणी मोडू नका

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, मोत्यांच्या सरांचा तुझा तन्मणी मोडून त्यात थोडं सोनं घालून नवा करायचं तुझ्या मनात आहे. कृपा करून तसं करू नकोस. दागिना मोडीत घातला की सोनार फक्त खोडातलं, म्हणजे मधल्या पदकातलं, निव्वळ सोनं धरतो. कोंदणाखालची लाख आणि खडे वजनातून वजा होतात, मोत्यांचं तर जवळजवळ काहीच मिळत नाही. नव्यावर मात्र घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी. शिवाय जुन्या मोत्यांवर चढलेला सायीसारखा पिवळसर रंग नव्या सरांत कुठून येणार? एकसारख्या पांढऱ्याशुभ्र मोत्यांपेक्षा मला तोच आवडतो.

सर पणजीच्या वेळचे, म्हणजे 1930च्या आधीचे असतील तर ते इराणच्या आखातातले, आपण बसरा म्हणतो तसले असू शकतात. तेव्हा आखाताचा माल मुंबईच्या बाजारात येई. पुढे जपानी संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम तयार केलेल्या, मोत्यांपुढे तो धंदा टिकला नाही. दातावर घासून खरखरीत लागलं तर मोती काचेचा नाही एवढंच कळतं, कारण संवर्धित मोतीही तसाच लागतो. नैसर्गिक आहे का, हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांखालीच ठरतं. ती तपासणी होईपर्यंत कुणी किंमत सांगितली तरी ऐकू नकोस.

आत्ता फक्त गाठवून घे. सर उचलून धरलास की मोत्यांमध्ये धागा दिसतो ना, म्हणजे रेशीम ताणलंय. पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडे, देण्याआधी प्रत्येक पदरातले मोती मोज, खोडाचा पुढून-मागून फोटो काढ, वजन करून पावतीवर लिहून घे. धागा रेशमाचाच माग. तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, टिकतो खरा, पण त्यात पदर ताठ राहतात, गळ्यावर नीट बसत नाहीत. तार तर मुळीच नको, ती मोत्याच्या वेजाच्या, म्हणजे भोकाच्या, कडा कापते. मोठ्या मोत्यांमध्ये एकेक गाठ हवी: मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि धागा तुटला तरी सगळे विखुरत नाहीत. बारीक मोत्यांत गाठ मारली तर सराची लांबी वाढते, तिथे नको.

रिठ्याचं पाणी तुझ्या साध्या तुशीला चालेल, तन्मण्याला नाही. खोडात पाणी शिरलं की खड्यांमागचा पत्रा काळवंडतो, मग खडा निस्तेज दिसतो आणि पुन्हा कोंदण करण्यावाचून इलाज राहत नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे चिंच-लिंबू, घाम, अत्तर सगळंच त्याला खातं. साडी, पावडर, अत्तर झाल्यावर तन्मणी घाल आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढ. मऊ मलमल किंचित ओली करून पूस, रात्रभर आडवा ठेव. टांगलास तर ओलं रेशीम लांबतं. लॉकरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत नको. मलमलीत, बांगड्यांपासून वेगळा. दहापैकी मोजली तर बांगडीतल्या माणकाची कठिणता 9, मोत्याची साधारण अडीच. शेजारी ठेवले तर ओरखडा मोत्यालाच.

बाबा, तुमची पोवळ्याची अंगठी बोटाला आवळते. ती वाढवताना सोनार खालची पट्टी कापून मध्ये सोन्याचा तुकडा घालतो आणि ज्योतीवर डाख लावून जोडतो. त्या आधी पोवळं अंगठीतून काढायलाच सांगा. ज्योतीच्या आचेनं त्याचा रंग उडतो किंवा ते तडकतं, आणि मग ते बदलण्याशिवाय उपाय नसतो. माप सकाळी बोटं सुजलेली असताना देऊ नका. दुपारी द्या, पेरावरून घ्यायला लावा. अंगठी निघतच नसेल तर ओढू नका, साबणाचं पाणी लावून फिरवत काढा. तरी निघाली नाही तर पट्टी कापून घ्या, पोवळ्याला काही होत नाही. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर मात्र सोनाराकडे न जाता आधी दवाखाना गाठा.

पटवेकऱ्याची वेळ ठरली की कळव, आई. मोती मोजायला मी व्हिडिओवर बसते.

तुमची,
धाकटी