महापौराची खुर्ची आणि गॅसची समिती

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

महापौर फिती कापण्यापलीकडे काय करतो, असं तू विचारलंस. आपल्याकडे तो सर्वसाधारण सभा चालवतो. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे, कारभार आयुक्तांकडे. म्हणून उत्तर जरा लांबून देतो, 1873 च्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममधून.

1871 च्या जनगणनेत त्या शहराची वस्ती सुमारे 3 लाख 44 हजार होती. पितळ, बंदुका, बटणं, स्क्रू, पेनांची निबं असे गल्लोगल्ली कारखाने. नगरपालिकेत 48 नगरसेवक आणि 16 आल्डरमन, म्हणजे पालिकेनंच निवडलेले ज्येष्ठ सभासद. आयुक्त नाहीच. सगळी कामं समित्यांकडून चालत. दर 9 नोव्हेंबरला सभासद आपल्यातूनच महापौर निवडत, मुदत एक वर्ष, पगार शून्य. घरचं भक्कम असलेल्यालाच ते परवडायचं, हे विसरू नकोस. जोसेफ चेंबरलेन 37 व्या वर्षी महापौर झाला तेव्हा स्क्रूच्या धंद्यात मुरलेला होता. 1874 मध्ये त्यातून मोकळा झाला आणि लागोपाठ तीनदा निवडून आला. त्याची खरी ताकद मात्र दुसरीकडेच होती: गॅस समितीचं अध्यक्षपद त्यानं स्वतःकडे घेतलं.

त्या काळच्या कामगारवस्तीतलं एक आवार डोळ्यांसमोर आण. घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. तीन भिंती शेजाऱ्यांच्या, खिडक्या फक्त चौथ्या बाजूला. म्हणजे वारा आत येईल, पण आरपार जाणार नाही. मधल्या अंगणात सगळ्यांचे मिळून संडास, शेजारी राखेचा ढीग आणि काही पावलांवर विहीर. मैला मुरत मुरत विहिरीत उतरायचा. पाणी दिसायला नितळ, त्यामुळे कुणाला संशयही येत नसे. दुरुस्तीला गटारं हवीत, नळ हवेत, आणि घरपट्टी वाढवायची म्हटलं की करदाते अंगावर येणार. मग पैसा आणायचा कुठून?

गॅसमधून. शहरात दोन खाजगी गॅस कंपन्या होत्या. दोघींचा कारभार वेगळा, नळ वेगळे, रस्तेही दोनदा खोदले जायचे. दोन्ही एकत्र केल्या की खर्च वाचणार, हे कारखानदाराला लगेच दिसतं. पण नुसता ठराव करून कंपनी घेता येत नसे. 1872 च्या कायद्याप्रमाणे खरेदीचं विधेयक पार्लमेंटात नेण्याआधी पालिकेच्या एकूण सभासदांचं बहुमत लागे, वर करदात्यांच्या सभेची संमती. या दोनांपैकी एक पायरी चुकली की विधेयक तिथेच बारगळलं. बर्मिंगहॅम पालिकेच्या सभेत ठरावाच्या बाजूनं 54 मतं पडली, विरुद्ध 2. किंमत जवळपास 20 लाख पौंड. चेंबरलेननं वर्षाला 15 हजार पौंड नफ्याचा अंदाज मांडला होता; पहिल्याच वर्षी 34 हजार हाती आले. अंदाज मुद्दाम कमी धरायचा, ही धंद्यातली सवय इथे कामी आली.

पाण्याच्या बाबतीत त्याचा हिशेब उलटा होता, आणि मला तोच जास्त पटतो. जलकंपनी साडेतेरा लाख पौंडांना घेतली, 1 जानेवारी 1876 पासून ताबा. पण पाण्यावर नफा कमवायचा नाही, उत्पन्न वाढलं तर दर उतरवायचा, असं त्यानं ठरवलं. कारण साधं आहे. नळाचं पाणी महाग ठेवलं तर गरीब माणूस त्याच दूषित विहिरीवर जाणार, आणि पटकी-विषमज्वराला आवाराची हद्द कळत नाही. गॅस चैनीचा, त्यावर कमवा; पाण्यावर नको.

तिसरं काम शहराच्या मध्यभागातली गलिच्छ वस्ती पाडण्याचं. 1875 च्या कायद्यात क्रम ठरलेला होता: आधी आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला, मग योजना, मग सरकारची मंजुरी, शेवटी पार्लमेंटचं शिक्कामोर्तब. यात महिने जातात आणि बातमी फुटली की जागांचे भाव चढतात. म्हणून चेंबरलेननं स्वतःचे 10 हजार पौंड घालून मित्रांसह आधीच जागा धरायला सुरुवात केली. आज कुणी महापौरानं असं केलं तर चौकशी लागेल, आणि लागावीच. नीयत साफ असली तरी.

1878 मध्ये त्या वस्तीतून काढायच्या नव्या रस्त्याचं, कॉर्पोरेशन स्ट्रीटचं, काम सुरू झालं. जमीन विकली नाही, 75 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. म्हणजे मुदत संपल्यावर जागा इमारतीसकट पालिकेकडे परत. हा डाव फारच दूरचा आणि हुशारीचा. पण पुढे मंदी आली, भूखंड लवकर उठेनात, व्याजाचा बोजा मात्र चालूच राहिला. रस्त्यावर झळाळती दुकानं आली. ज्यांची घरं पाडली ते कामगार शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीनं शिरले, कारण कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर हवा आणि नवं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. पालिकेनं रायडर स्ट्रीटला त्यांच्यासाठी घरं बांधली, पण ती अवघी 22, आणि त्यालाही 1890 उजाडलं. तोवर चेंबरलेनला महापौरपद सोडून पार्लमेंटात जाऊन चौदा वर्षं झाली होती.

तुझे,
बाबा