हरिपूर रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही सांगितलेलं सांगलीत कॅम्परव्हॅन (राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) आणणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

पहिले आभार गाडी नदीकाठी उतरू दिली नाहीत त्याचे. मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन वरून टणक दिसते, आत ओल असते. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली गाडी, त्यात पाण्याची टाकी भरलेली. रात्रभरात मागची जोडचाकं बसतात आणि सकाळी रेस केली की आणखी रुततात. पावसाळ्यात तर सांगलीत कडक ऊन असताना कोयनेतून सोडलेल्या पाण्याने कृष्णा चढते. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. इथल्या पोरांनाही पाठ असलेले हे आकडे बाहेरच्या गाडीवाल्याला कुणी सांगत नाही.

तुमच्या आवारातल्या मुरमावर चाकाखाली दीड इंची फळी सरकवून गाडी लेव्हलला आणलीत. कंप्रेसर नसलेला, गॅसवरचा फ्रिज तिरका राहिला की आतलं अमोनियाचं द्रावण नीट फिरत नाही. थंडावा येईना म्हणून लोक उगाच सिलिंडर बदलत बसतात. शेडमधून गाडीत वीज घ्यायच्या वायरीचं बंडल पूर्ण उलगडायला लावलंत, तेही बरोबर: एसी आणि चार्जर एकदम चालले की गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता आतच कोंडते आणि वरचं प्लास्टिक वितळतं. 15 अँपियरचा पॉइंट, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, आणि अर्थिंग खरंच आहे की नुसतं तिसरं भोक, हे आधी तपासायचं.

गाडीतल्या टॉयलेटची कॅसेट, म्हणजे काढून नेता येणारी मैल्याची टाकी, तुमच्या संडासात रिकामी करू दिलीत, याला मोठं मन लागतं. भरलेली कॅसेट वीस किलोच्या घरात जाते. त्यात टाकायचं वास मारणारं निळं औषध बेताचंच वापरावं, नाहीतर यजमानाच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात.

गाडी जागेवर लागली की दिवस मोकळा. तुमचा क्रम आम्ही जसाच्या तसा सुचवू: ऊन चढायच्या आत कृष्णेचा घाट, मग पटवर्धनांचं काळ्या दगडातलं गणपती मंदिर, पुलावरून चालत सांगलीवाडीपर्यंत आणि परत. गणपती पेठेत पायीच जावं. हातगाड्या आणि माल उतरवणाऱ्या टेम्पोंमध्ये कॅम्परव्हॅन घालणं म्हणजे शिव्या खाणं. भडंग घ्यावं, पण गाडीत लगेच हवाबंद डब्यात भरावं, नदीकाठच्या दमटपणात ते सादळतं. दुपारी सरळ झोपावं.

संध्याकाळी हरिपूर, तेही रिक्षाने. वाटेवर खाली झुकलेल्या चिंचेच्या फांद्या छतावरच्या एसीचं कव्हर फोडतात. गाडीची उंची आरसी बुकातली धरू नये, एसीच्या माथ्यापासून टेपने मोजावी. हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीखालचे खड्डे, तिथलीच. मातीत बंद केलेल्या हळदीला प्राणवायू मिळत नाही म्हणून कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नाही. 2005 च्या महापुराने या पेवांचं फार नुकसान केलं. संगमेश्वराचं दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसावं. कृष्णा-वारणा मिळतात तिथे मात्र पोहायला उतरू नये, हा तुमचा दम आम्ही पुढे सगळ्यांना देतो आहोत.

आपले आभारी,
कॅम्परव्हॅनवाले

ता. क. शेडमधल्या 15 अँपियरच्या सॉकेटमागचा न्यूट्रलचा स्क्रू ढिला वाटतो. प्लग कोमट होत होता. मेन बंद करून एकदा आवळून घ्या.