मॅडम, तुम्ही माझी वही वाचलीत

आदरणीय मॅडम,

फोनवर आभार मानायला गेलो तर "अहो काका, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. माझ्या मनातून तो मिटत नाही, म्हणून हे पत्र, चारचौघांत.

आमच्या पतसंस्थेच्या शाखेत इंटरनेटची लाईन बदलली आणि त्याच दिवशी दुखणं सुरू झालं. लॉगिन व्हायचं, भरणा घेता यायचा, पावती निघायची. पण कुणी वर्षाचा खातेउतारा मागितला की स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहायचं आणि शेवटी पांढरं पान. असे 23 दिवस गेले.

लाईनवाल्यांचा माणूस आला. काळ्या खिडकीत पिंग टाकलं, म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी हाक, उत्तराच्या चार ओळी आल्या, "लाईन ओके आहे" म्हणाला आणि सही घेऊन गेला. सॉफ्टवेअरवाल्यांनी लाईनवाल्यांकडे बोट दाखवलं. तिसऱ्याने चांगला चालणारा स्विच काढून नवा बसवला आणि बिल लावलं. जाताना तिघंही एकच बोलले, तेही संचालकांसमोर: "तुमच्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं जात असेल." काउंटरवर माझी 27 वर्षं गेलीत. हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री झोप लागत नाही. ते वाक्य फार लागलं मला.

एक आजी नातवाच्या शैक्षणिक कर्जासाठी उतारा न्यायला एसटीने तीनदा आल्या. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरं. तिसऱ्या खेपेला त्या रागावल्यासुद्धा नाहीत. बाकावर बसून राहिल्या आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहिल्या दिवसापासून मी एका वहीत सगळं टिपून ठेवत होतो. तारीख, वेळ, काय चाललं, काय अडकलं. ती वही तिघांपुढे धरली होती. एक जण म्हणाला, "एवढं कोण वाचत बसणार, तोंडी सांगा." बाकीच्या दोघांनी हातातही घेतली नाही.

भाच्याने तुमचा नंबर दिला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. तुम्ही पुण्यात नुकत्याच नेटवर्कच्या कामाची शिफ्ट संपवून घरी आला होता. मी घाईघाईने सांगायला लागलो तर तुम्ही विचारलंत, "काका, काही लिहून ठेवलंय का?" वही आहे म्हटल्यावर म्हणालात, "सगळ्या पानांचे फोटो पाठवा." मी 14 पानं पाठवली. मग वीस मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, दमून झोपल्या असतील, त्यांचा तरी काय दोष.

आणि फोन आला. "चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'दोन ओळींची नोंद लगेच येते, लांब उतारा अडकतो. प्रिंटरचा दोष नाही, पानच येत नाही.' काका, दुखणं तुम्हीच ओळखलंय. मला आता फक्त आकडा शोधायचाय."

मॅडम, त्यावर मला पटकन बोलता आलं नाही. रेंज गेली असं तुम्हाला वाटलं असेल. रेंज होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते आता मी येईल त्याला सांगतो. विंडोजमधलं साधं पिंग 32 बाइटचं असतं. म्हणजे कमानीखालून सायकल गेली, एवढंच त्यातून कळतं. उसाने भरलेली ट्रॉली जाईल का, ते कळत नाही. नेहमीच्या नेटवर्कवर माहितीच्या एका पाकिटाची हद्द 1500 बाइट. आमच्या नव्या लाईनच्या पद्धतीत त्यातले 8 जोडणीच्या वेष्टनातच जातात, उरतात 1492. पाकीट मोठं झालं तर वाटेतला राउटर तसा निरोप सर्व्हरकडे उलट पाठवतो. पण सर्व्हरच्या बाजूच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी असे निरोप सरसकट अडवून ठेवले होते. सर्व्हर बिचारा तीच मोठी पाकिटं पुन्हा पुन्हा धाडत होता आणि ती वाटेत गळत होती.

तुम्ही माझ्याच हाताने पिंगचा आकार बदलायला लावलात. 1472 ला नकार. 1470, 1468, 1466, नकारच. 1464 ला उत्तर आलं! त्यात वेष्टनाचे 28 मिळवले की बरोबर 1492. मग वायरशार्क, म्हणजे लाईनवरून जाणारी पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून त्या काळ्या पट्ट्यांच्या ओळी दाखवल्यात, आमचं मशीन "मधलं मिळालं नाही, मधलं मिळालं नाही" म्हणत होतं. हे हत्यार 1998 पासून फुकट मिळतं म्हणे. मग तिघांपैकी एकालाही ते उघडावंसं का वाटलं नाही? पुढे तुम्ही 1492 मधून आतल्या वेष्टनाचे 40 वजा करून राउटरमध्ये 1452 हा आकडा घातलात आणि काम झालं. पैशाचं विचारलं तर तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत.

पण मॅडम, माझ्यासाठी मोठी ती वीस मिनिटं. दिवसभर लोकांची नेटवर्कं सांभाळून आलेल्या माणसाने अनोळखी कारकुनाचं गिचमिड अक्षर ओळ न ओळ वाचलं. तुमच्यासारखी माणसं कुठे कुठे रात्री जागी असतात, म्हणून आमचे काउंटर सकाळी उघडतात, आणि काम सुरळीत चाललं तोवर त्यांचं नावही कुणी विचारत नाही. जुलैचा शेवटचा शुक्रवार सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या आभाराचा दिवस म्हणून 2000 सालापासून पाळतात, हे मला आत्ता कळलं. तोवर थांबायची माझी तयारी नव्हती.

आजींना निरोप धाडला होता. बुधवारी आल्या. उतारा निघाला, सात पानं. त्यांनी प्रत्येक पानावरून हात फिरवला, घडी घालून पिशवीत ठेवली आणि दोन्ही रबरं चढवली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर मी 1452 लिहून त्याभोवती चौकट केली आहे. खाली तुमचं नाव आहे. नवीन मुलगा रुजू झालाय, त्याला पहिल्या दिवशी तेच पान दाखवलं.

गुऱ्हाळं सुरू झाली की ताज्या काकवीची बरणी पाठवतो. पत्ता तेवढा कळवा, आणि नाही म्हणू नका.

आपला,
काउंटरवरचा काका