मिस्त्रीकाका, ती जीप घेऊ दिली नाहीत म्हणून

ती. मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायची सोय नाही. विषय काढला की "बरं बरं, ठेव आता, हात तेलात हायत" म्हणून तुम्ही मोकळे होता. समोर येऊन बोलावं तर चहा मागवता आणि कुठल्या तरी बोटीच्या गिअरबॉक्सवर घसरता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचा पुतण्या वाचून दाखवेल. तुम्हाला मधूनच उठून जाता येणार नाही अशा वेळी, म्हणजे जेवताना वाच, असं त्याला बजावलंय.

रेवदंड्याच्या बाजूला जुन्या आणि हौसेनं नटवलेल्या गाड्यांचा लिलाव आहे असं कळलं, तेव्हा आम्ही चौघं हरखून गेलो होतो. यादीत जीप, फियाट, येझदी, बुलेट, लॅम्ब्रेटा, सगळं लहानपण लॉट नंबर लावून उभं. आमच्यातल्या मास्तरला या गाड्यांचा इतिहास तोंडपाठ, पतपेढीवाल्याला हिशेब कळतो, बागवाल्याकडे पैसे असतात (आंबा आला तर), आणि मला बोलता येतं. गाडीखाली शिरणारा मात्र आमच्यात कोणी नव्हता. तुम्हाला विचारायला आलो तेव्हा हर्णैच्या बंदरावर एका ट्रॉलरचं इंजिन तुमच्यासमोर खोललेलं होतं. ऐन हंगामात बोट एक दिवस उभी राहिली तर मालक काय बोलतो, हे आम्ही बंदराच्या गावात राहून ऐकलेलं आहे. तुम्ही रात्री जागून ते इंजिन बांधलंत आणि पहाटे पिशवी घेऊन फाट्यावर हजर. पिशवीत टॉर्च, छोटी हातोडी, गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. आम्ही कॅमेरे घेतले होते.

जातानाचा प्रवास आमच्यासाठी सहल होती. केळशी मागे टाकून वेसवीला फेरीबोट, बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडला, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिघीहून पुन्हा फेरीबोटीनं आगरदांडा, मुरूड, कोर्लई, साळावचा पूल. आम्ही जंजिऱ्याचे फोटो काढत होतो. तुम्ही फेरीबोटीच्या खलाशाशी इंजेक्टरबद्दल बोलत होतात.

खरे आभार आहेत ते त्या जीपबद्दल.

यादीत तिचं वर्णन होतं, "१९४४, लष्करी". ऑलिव्ह हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरी कॅन. मास्तरनं पुढच्या जाळीच्या फटी मोजल्या आणि त्याचा आवाज बदलला. महायुद्धातल्या जीपला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात, आणि इथे नऊ होत्या. बागवाल्यानं तर तिच्यात बसून आपण आंब्याच्या पेट्या कशा नेऊ याचं गणितही सुरू केलं.

तुम्ही गोणपाट पसरून खाली गेलात. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग बाहेर येऊन चुंबक बाजूच्या पत्र्याच्या खालच्या भागाला लावलंत, ते घसरून खाली पडलं. चाकावरच्या पत्र्याला लावलंत, तिथूनही पडलं. "पत्रा नाय रे हा, लांबी हाय." लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लेप. हातोडीनं चॅसीच्या दांड्यावर टकटक केलीत. पुढे खणखणीत आवाज, मागे बद्द. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता भेटेल त्याला सांगत असतो. समुद्रकाठच्या गाडीचा गंज बाहेरून दिसतो तो किरकोळ. दांड्याच्या पोकळीत खारट ओल आणि माती साचते, पाणी निघायची भोकं बुजतात, आणि लोखंड आतून बाहेर खात येतं. बाहेरून रंग मारला की वर्ष-दोन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. "बोटीचा बिडाचा पंप असाच जातो, हातात घेतला की फुटतो," म्हणालात.

मग चॅसी नंबर. रॉकेलच्या फडक्यानं पुसून टॉर्च तिरकी धरलीत. तिरकी, हे महत्त्वाचं. समोरून प्रकाश टाकला तर काहीच कळत नव्हतं. तिरक्या उजेडात ग्राइंडरच्या रेघा उठून दिसल्या आणि शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल ठोकलेले. मास्तरला तिथून हुरूप आला. विलीज कंपनीच्या युद्धकालीन जीपमध्ये बंपरमागचा आडवा दांडा गोल नळीचा असतो आणि फोर्डनं बनवलेल्या जीपमध्ये उलट्या यू आकाराचा, शिवाय फोर्डनं बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा आपला एफ ठोकलेला असतो, हे त्यानं वाचलेलं होतं. इथला दांडा दोन्हींपैकी कुठलाच नव्हता, वेल्डिंग मारून बसवलेला भलताच तुकडा होता. जाळी युद्धातली असेलही. बाकीची गाडी युद्धात नव्हती.

तुम्ही याचा गाजावाजा केला नाहीत, हे मला विशेष वाटलं. विचारायला आलेल्या एका तरुण जोडप्याला तुम्ही हळूच "नंबर बघून घ्या" एवढंच म्हणालात.

नटवलेल्या गाड्यांकडे तर तुम्ही फार वेळही घालवला नाहीत. रुंद टायर आणि डझनभर दिव्यांची एक जीप होती, तिच्याभोवती गर्दी मावत नव्हती. तुम्ही बॉनेट उघडायला लावून म्हणालात, "इंजिन ह्या गाडीचा नाय. पुस्तकात कुठचा लिवलाय?" पुस्तकात जुनंच इंजिन होतं. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालत नाहीत, हे पतपेढीवाल्यानं मोबाइलवर शोधून काढलं. तुम्हाला कलम माहीत नव्हतं, पण आरटीओचा साहेब माहीत होता. मला स्वतःला त्या गाड्या आवडल्या, हे खोटं कशाला बोलू? लांब दांड्यांची ती बुलेट अजून डोळ्यांपुढे आहे. पण बघायला आवडणं आणि आपल्या नावावर करून घेणं वेगळं.

आणि प्रत्यक्ष बोली! आम्हांला वाटत होतं, तिथे तरी तुम्ही आमच्याकडे बघाल. पण तुम्ही हर्णैचे. रोज संध्याकाळी पुळणीवर मासळीचे ढीग पडतात आणि बोली लागते, ते बघत तुमचं आयुष्य गेलेलं. तुम्ही म्हणालात, "ज्याची नजर पापलेटावर तो जास्त पैसे देतो. बघायचा झाला तर बांगड्याकडे बघ." म्हणून आम्ही ज्या फियाटसाठी थांबलो होतो तिच्याकडे पाठ करून लॅम्ब्रेटाची चर्चा करत बसलो. किती रकमेला थांबायचं तो आकडा आधीच कागदावर लिहून घ्यायला लावलात, तोही सगळं धरून. ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नीट वाचावी. त्या लिलावात बोलीवर १० टक्के खरेदीदाराचं शुल्क होतं आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,००,००० ची बोली जिंकली तर देणं २,२३,६००. शिवाय गाडी "जशी आहे, जिथे आहे" अशी, नंतर तक्रार चालणार नाही.

जीपचा पुकारा झाला तेव्हा रक्कम आमच्या आवाक्याजवळ येऊन रेंगाळली. बागवाल्याचा हात वर जायला लागला. तुम्ही त्याच्या हातातली नंबरपाटी शांतपणे काढून घेतलीत आणि तिनं वारा घेत बसलात. दोन वार, तीन वार, जीप दुसऱ्याची झाली. तो तुमच्यावर दुपारपर्यंत रागावला होता. आता मात्र तीच गोष्ट तो सगळ्यांना हात नाचवत सांगतो, आणि दर वेळी जीपची किंमत थोडी वाढवतो.

फियाट मिळाली. १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे पद्मिनी हे नाव पडायच्या थोडी आधीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. रंग विटलेला, सीटं फाटकी, एक दार बंद व्हायला दोनदा आपटावं लागतं. पण चुंबक जिथे लावलं तिथे चिकटलं. आमच्या गावात गणपतीला मुंबईहून चाकरमानी याच गाडीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून यायचे, टपावर माटवीचं, म्हणजे गणपतीवरच्या सजावटीचं, सामान बांधून. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा आम्हा चौघांना एकाच दिवशी वाईट वाटलं होतं. हा खुळेपणा तिथूनचा.

पैसे भरून झाल्यावर गाडी आणायला तुम्ही पुन्हा आलात. विमा निघाल्याशिवाय चाक हलवू दिलं नाहीत. बोर्ली पंचतनच्या अलीकडे चढावर ती मेली, तेव्हा पतपेढीवाल्यानं टोचन करणाऱ्याला फोन लावायला घेतला. तुम्ही बॉनेट उघडलंत, पंचा भिजवलात आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर घातलात. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसता वाफ ओढत बसतो, तो थंड झाला की गाडी आपोआप येते. आली. घरी आल्यावर पंपाचा पडदा आणि सगळे जुने रबरी नळ बदलायला लावलेत, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या जुन्या रबराला मानवत नाही. त्यानंतर ती एकदाही तशी थांबलेली नाही.

व्हिंटेज नंबरचा विषयही तुम्हीच संपवलात. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. पतपेढीवाल्याला ते मानाचं वाटत होतं. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या कामाला नाही. तुम्ही विचारलंत, "म्हणजे हिच्यातना बाजारात जायाचा नाय?" मग आम्ही साध्या नोंदणीचंच नूतनीकरण केलं. परवाच दापोलीच्या बाजारातून हिच्यातून नारळ आणले.

पुस्तक बागवाल्याच्या नावावर झालंय. वायरिंग तेवढं राहिलंय, मागचा दिवा मनात आलं तर लागतो. १ जूनला मासेमारी बंद झाली की तुमच्याकडे बोटींच्या इंजिनांची रांग लागेल, म्हणून मे महिन्यातच गाडी घेऊन येतो. मागच्या दोन्ही खेपांना तुम्ही जाण्यायेण्याच्या खर्चाखेरीज एक पैसा घेतला नाहीत. या वेळी मजुरी घ्यावीच लागेल. काकूंशी बोलणं झालंय, पैसे थेट त्यांच्याच हातात जातील.

आपला,
चौघांतला जास्त बोलणारा