पोते बदला, हळद परत द्या : वॉरंटीत काढून घेतलेल्या डिस्कबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय.

विषय : जर्मनीत वॉरंटीखाली बदललेली माझी एसएसडी (लॅपटॉपमधली माहिती साठवणारी डिस्क) परत न देणे आणि तक्रार न सोडवताच बंद करणे, याबाबत.

महोदय,

मी सांगलीत हळद निर्यातीचे काम करते. व्याप लहान आहे. यार्डातल्या सौद्यापासून निर्यातीच्या कागदपत्रांपर्यंत सगळे मीच पाहते आणि त्या कामासाठीच आपल्या कंपनीचा लॅपटॉप घेतला. परदेशी जावे लागणार हे ठाऊक असल्याने जादा पैसे भरून आंतरराष्ट्रीय वॉरंटीही घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीत कोलोनला अनुगा हे खाद्यपदार्थांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी गेले असता तिथेच लॅपटॉप बंद पडला. यंत्र आहे, बिघडू शकते, त्याबद्दल माझे भांडण नाही. पुढे जे झाले त्याबद्दल आहे.

संध्याकाळी खोलीवर दिवसभराच्या भेटींच्या नोंदी करत असताना स्क्रीन गोठली, मग निळी झाली. पुन्हा सुरू केल्यावर बूट करायला डिस्कच सापडत नाही असा मेसेज आला. वॉरंटी कार्डावर छापलेला १८०० चा टोल फ्री नंबर तिथून लागेना. असे नंबर भारताबाहेरून सहसा लागत नाहीत, हे आपल्याला माहीत असणारच. मग आंतरराष्ट्रीय म्हणून विकलेल्या वॉरंटीच्या कार्डावर तेवढा एकच नंबर का? शेवटी माझ्या भावाने सांगलीतून फोन लावून कोलोनमधल्या आपल्या अधिकृत सेंटरचा पत्ता मिळवला.

तिथला माणूस कामाला चोख होता. त्याने खालचे झाकण उघडले, एकच स्क्रू काढला आणि पेरभर रुंद, बोटभर लांब अशी डिस्कची पट्टी बाहेर घेतली. नवी बसवली, विंडोज टाकून दिले, पैसे घेतले नाहीत. जुनी पट्टी मात्र त्याने चंदेरी पिशवीत घातली, वर बारकोडचे स्टिकर लावले आणि मागच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. ती माझ्याकडे द्या, असे मी लगेच सांगितले. उत्तर मिळाले की वॉरंटीत बदललेला भाग कंपनीचा होतो, तो कंपनीकडेच परत जातो. विकत घेते म्हटले, तर तशी सोय नाही. मी टॅबलेटवर आधीच सही केली आहे, याकडे त्याने बोट दाखवले. तो मजकूर जर्मनमध्ये होता आणि ही सही लॅपटॉप जमा केल्याची आहे, एवढेच मला इंग्रजीत सांगण्यात आले होते. डिस्क परत मिळणार नाही, हे सहीआधी कुणीही बोलले नाही.

त्या डिस्कवर काय होते ते सांगते. सांगली सोडण्यापूर्वीचे सगळे काम घरच्या हार्ड डिस्कवर सुरक्षित आहे. गेले ते प्रदर्शनात जमवलेले. कुणाला हळकुंड हवे, कुणाला भुकटी. भुकटी किती मेशची (म्हणजे किती बारीक), कुरकुमिन (हळदीला रंग देणारा घटक) किमान किती टक्के, कुठल्या लॉटचा नमुना कुणी नेला, भाव कुठपर्यंत बोलला गेला. युरोपात हळदीतल्या अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे प्रत्येक खरेदीदार लॉटवार अहवाल मागतो. कुणाला कुठल्या लॉटचा अहवाल पाठवायचे कबूल केले, हे त्या नोंदींतच होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण नुसत्या नावावर कंटेनर भरत नाही. समोर बसून झालेल्या बोलण्यावर भरतो. ज्या शेतकऱ्यांचा माल मी दाखवायला नेला होता ते आता विचारतात, पुढे काय झाले? त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ अर्धेच आहे.

आमच्याकडे हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) वर्षानुवर्षे दुसऱ्याची हळद सांभाळली गेली. पोते फाटले तर नवे पोते द्यावे, पण फाटक्या पोत्याबरोबर आतली हळदही ठेवून घेतली तर त्याला आमच्या यार्डात काय म्हणतील ते आपणच समजून घ्या. डिस्कचा तुकडा आपला असेल. त्यावरचे काम माझे आहे.

ही मागणी हट्टाची नाही. एसएसडीचा कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) गेला तरी आतल्या चिपमधली माहिती पुष्कळदा शाबूत असते. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली होती आणि ती उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की माझ्या खात्यात आहे. म्हणजे दुसरे कुणी ती माहिती वाचेल याची मला फारशी भीती नाही, पण मूळ पट्टी हाती आली तर मला ती परत मिळवण्याचा प्रयत्न करता येईल. पुण्याच्या एका डेटा रिकव्हरी लॅबनेही हेच सांगितले : मूळ डिस्क आणा, मग पाहू. आपल्याकडे ती पुसली गेली किंवा मोडीत निघाली, की विषय संपला. म्हणून घाई आहे.

परत आल्यापासून आपली भारतातली हेल्पलाइन सांगते की हा जर्मनीचा विषय. जर्मनीचे सेंटर सांगते की लॅपटॉप भारतात घेतला, तिकडे विचारा. दरम्यान माझ्या तक्रारीचे तिकीट 'समस्या सुटली' असा शेरा मारून बंद होते, मी पुन्हा उघडते, ते पुन्हा बंद होते. सांगलीत आपले सेंटर नाही, कोल्हापूरला जाऊन आले. तिथल्या मुलीने आपुलकीने ऐकून घेतले, पण तिच्या हातात काही नव्हते.

माझे म्हणणे असे. त्या बारकोडवरून डिस्क आज कुठे आहे ते शोधा, ती पुसू नये असे आजच कळवा, आणि पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ती मला सांगलीच्या पत्त्यावर पाठवा. जो काही खर्च ठरेल तो मी देईन. काही कंपन्या जादा पैसे घेऊन जुनी डिस्क ग्राहकाकडेच राहू देतात, त्यामुळे हे अशक्य आहे असे कृपया कळवू नका. डिस्क नष्ट झाली असेल तर ती कोणत्या तारखेला आणि कुणाच्या आदेशाने, हे लेखी द्या आणि नुकसानभरपाईबद्दल बोला. हेल्पलाइनवर रोज नवा माणूस भेटतो, तेव्हा या प्रकरणाला एक जबाबदार अधिकारी नेमा. आणि पट्टी काढण्यापूर्वी ग्राहकाला समजेल अशा भाषेत विचारण्याची पद्धत सुरू करा. परगावी अडकलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सांगली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात दावा करता येतो, आणि स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. लॅपटॉप व्यवसायासाठी वापरला म्हणून आपण ग्राहक नाही, असे उत्तर फोनवर एकदा ऐकले आहे, म्हणून हे आधीच लिहिले.

आपली ग्राहक,
(सही)
सांगली

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्डाची प्रत, कोलोनच्या सेंटरची जॉबशीट, बंद केलेल्या तिकिटांचे ईमेल.